‘ण’चा पत्ता

मी एक जुना मेंदू आहे. दचकू नका मित्रांनो, प्लास्टिकचा आहे. माझ्यात रक्त नाही आणि विचारही नाही, असं लोक समजतात. पण इतकी वर्षं माणसांत काढल्यावर थोडं कुतूहल प्लास्टिकलाही चिकटतंच.

कारखान्यातल्या साच्यातून निघालो तेव्हा मी नुसता फिकट गुलाबी गोळा होतो. मग एका बाईंनी बारीक कुंचल्याने माझ्या डाव्या बाजूला दोन ठिपके रंगवले. पुढचा निळा, तो बोलण्याचा. कानाजवळचा हिरवा, तो ऐकलेलं समजून घेण्याचा. दोघांना जोडणारी एक रेघही ओढली. तेवढ्यावरून बोलणं कसं होतं, हे मात्र मला कुणी सांगितलं नाही.

नगरच्या एका कॉलेजात, मानसशास्त्राच्या वर्गात माझा मोठा मान होता. मुलं भोवती गोळा होऊन माझी चित्रं काढत. पुढे भिंतीवर पडदा आला. त्यावरचा मेंदू गरागरा फिरायचा, उजळायचा. माझी रवानगी कपाटात झाली. पालीने माझ्याआड अंडी घातली, तरी कुणी विचारेना. शेवटी भंगारात निघालो, तेव्हा तिथलीच जुनी विद्यार्थिनी अलफिया हिने मला मागून घेतलं. बोलण्यात अडचण असलेल्या मुलांवर ती उपचार करते. नगरमधल्याच सावेडी भागातल्या तिच्या दवाखान्यात टेबलावर मी आलो आणि बिस्किटाने माखलेली चिमुकली बोटं माझ्या वळ्यांतून फिरू लागली.

एके दिवशी तिथे अपूर्वा आली. सोबत तिची साडेतीन वर्षांची मुलगी मनवा आणि सासूबाई, म्हणजे मनवाची आजी, भीमाबाई. अपूर्वाची नोकरी नगरला, म्हणून मनवा आजवर बहुतेक तिसगावला आजीजवळच वाढली होती. आठवड्याला आई जायची, फोनवर रोज गोष्ट सांगायची. आता शाळेसाठी मनवाला नगरला आणलं होतं.

“मॅडम, हिला ‘ण’ म्हणताच येत नाही,” अपूर्वा म्हणाली. “पाणीला पानी म्हणते. आहेला हाय. शाळेत हसतील म्हणून मी सुधारत होते. ‘पाणी म्हण, मग देते’ असंही केलं. आणि आता तर ती बोलायचीच थांबली. नुसतं बोट दाखवते.” तिची नजर माझ्यावर येऊन थांबली. “मेंदूत काही नाही ना हो?”

“पानी म्हनलं म्हून तहान भागत न्हाई व्हय?” भीमाबाई म्हणाल्या. “माजं पोरगं असंच बोलून इंजिनेर झालं. त्येच्याशीच लगीन केलंस की!”

“आत्या, इथे तरी नको ना.”

मनवा दोघींच्या मधे बसून फ्रॉकची कड पिळत होती.

अलफियाने आधी यंत्र लावून तिचे कान तपासले. ते ठणठणीत होते. मग ओठ दिसू नयेत म्हणून तिने आपल्या तोंडापुढे रुमाल धरला.

“मनवा, असं कोण म्हणतं, दाखव बरं. पाणी.”

मनवाने आईकडे बोट केलं.

“पानी.”

बोट आजीकडे वळलं.

“लोणी.” आई. “लोनी.” आजी. मनवा एकदाही चुकली नाही. मधेच तिला गंमत वाटायला लागली आणि ती रुमालाखाली डोकावून पाहू लागली.

अपूर्वा बघतच राहिली. “म्हणजे तिला फरक कळतो?”

“उत्तम कळतो,” अलफिया म्हणाली. “तान्ह्या बाळाचा मेंदू जगातल्या कुठल्याही भाषेतल्या आवाजांचे बारीक फरक टिपू शकतो. वर्ष भरेपर्यंत तो आसपासच्या माणसांच्या आवाजांवर पक्का होत जातो. हिच्या आसपास दोन तऱ्हा होत्या. तिने दोन्ही उचलल्या आणि कुठली कुणाची, तेही लावून ठेवलं. ही चूक नाही. मेंदूने जास्तीचं काम केलंय.”

“मग बोलत का नाही?”

“तोंड उघडलं की चूक निघते, हेही तिच्या मेंदूने शिकून घेतलंय. काही दिवस सुधारू नका. नुसतं ऐका.”

अपूर्वाने मान खाली घातली. भीमाबाईंनी टोमणा मारला नाही. त्यांनी सुनेच्या पाठीवर हात ठेवला.

एवढ्यात मनवा खुर्चीवरून उतरून माझ्याजवळ आली. तिने माझ्या निळ्या ठिपक्यावर बोट टेकवलं.

“आजे,” ती अगदी हळू म्हणाली, “ह्ये काय हाय?”

भीमाबाई तिच्याकडे वाकल्या. “मला काय ठावं, बाय? तुज्या आईला इचार.”

मनवा आईकडे वळली. थांबली. मला श्वास असता, तर मी तो रोखून धरला असता.

“आई, हे काय आहे?”

अपूर्वा तिच्याशेजारी खाली बसली. “मेंदू... मेंदू हाय, बाळा.”

मनवाच्या कपाळाला आठी पडली. “अगं, तू ‘आहे’ म्हणायचं. ‘हाय’ आजी म्हणते.”

‘म्हणायचं’ आणि ‘म्हणते’, दोन्हींतला ण स्वच्छ होता. अपूर्वाने तो ऐकला, हे तिच्या डोळ्यांत दिसलं. पण तिने शाबासकी दिली नाही की पुन्हा म्हणायला लावलं नाही. “बरं बाई, मेंदू आहे,” एवढंच म्हणाली.

“घ्या!” भीमाबाई पदरात हसल्या. “आता सुनंला बी शिकवनी लागली.”

मित्रांनो, मला जपायला एक ओला फडका पुरतो. तुमच्या डोक्यातल्या मेंदूला मात्र माणसं लागतात, घाई न करता ऐकणारी. तुमच्या घरातलं एखादं लहानगं बोबडं बोललं, वेगळं बोललं, तर त्याला अडवू नका. “मग पुढे काय झालं?” असं विचारा, आणि त्याचं उत्तर येईपर्यंत थांबा.