नव्वद जागा

दोन भावांच्या रोबो-कारखान्यात दोघांच्या बायका शेजारच्या टेबलांवर बसत. दिवसाकाठी जावाजावांत सातेक वाक्यं होत, त्यातले पाच टोमणे.

रोबोचा हात कसा हलेल, याचं गणित थोरली संगणकावर मांडायची. ते हलताना ब्राउझरमध्ये दिसावं, म्हणून धाकटीने वर्षभर खपून एक लायब्ररी, म्हणजे तयार कोडचा संच, लिहिली होती. लिंक उघडली की फोनवरही हात डोलायला लागे. थोरलीच्या मते तो पोरखेळ होता. विकतचं सॉफ्टवेअर आणायचं तिने नवऱ्याकडून कबूल करून घेतलं होतं. आज गिऱ्हाईक बाईंना लायब्ररी पसंत पडली नाही, तर धाकटीने उद्यापासून फोन उचलायचे.

बाई आल्या. फोनवर रोबोच्या हाताने खोकं उचललं, वळून पट्ट्यावर ठेवलं.

"सुरेख हलतोय," बाई म्हणाल्या.

"हलणारच. गणित माझं आहे," थोरली म्हणाली. "हिचं काय, नुसतं चित्र."

धाकटीला ते झोंबलं. "ताई, हात कधी कुठे असेल, अशा सेकंदाला शंभर जागा तुमच्या गणितातून निघतात, तुम्ही मला दहाच पाठवता. मधल्या नव्वद माझी लायब्ररी अंदाजाने भरते. म्हणून सुरेख."

"दहात भागतंय ना तुझं?"

"आज सगळ्या पाठवा. बाईंना कळू दे कोणाचं काय आहे."

"घे, पोटभर घे," म्हणत थोरलीने शंभरच्या शंभर सोडल्या.

हात वळला. वळताना त्याचं कोपर फुगून बाहेर आलं आणि चित्रातल्या एका खांबातून सरळ आरपार गेलं. धाकटीच्या अंदाजाने भरलेल्या हालचालीत हे फुगणं कधी दिसलंच नव्हतं. तीही बघतच राहिली.

"हा खांब माझ्या कारखान्यातला आहे," बाई शांतपणे म्हणाल्या. "त्याच्यावर छप्पर उभं आहे."

"मला खांबाचं कोणी सांगितलं?" थोरली उसळली.

"बाईंचा नकाशा आला त्याच दिवशी मेल केला. मी चित्रात घातला, तुम्ही गणितात घालायचा होता."

मेल तीन दिवस न उघडता पडला होता. जावेचा मेल उघडायचा नाही, हा थोरलीचा नेम.

मागे उभा असलेला थोरलीचा नवरा मध्ये पडला. "विकतच्या सॉफ्टवेअरमध्ये हे सगळं..."

"ते तुमचं तुम्ही बघा," बाई उठल्या. "मला खांब या लिंकवर दिसला. शुक्रवारी याच लिंकवर, सगळ्या जागांसकट दाखवा. तोवर हात विकत घेत नाही."

त्या गेल्या. लायब्ररी राहिली, म्हणजे शुक्रवारपर्यंत दोघींना एकाच पडद्यासमोर बसणं आलं. धाकटीने खुर्ची ओढली. थोरलीने तिच्यादेखत मेल उघडला.

"मापं इंचात की सेंटीमीटरमध्ये, ते लिहायचं असतं."

"लिहिलंय. खाली बघायचं असतं."