थेंब उडेपर्यंत

नमस्कार. टेबलावरून बोलतोय तो मी, रिफ्रॅक्टोमीटर. इथला शिपाई मला दुर्बीण म्हणतो, मी मनावर घेत नाही. माझं काम साधं आहे. पोटातल्या दोन काचांमध्ये द्रवाचा थेंब ठेवायचा, काचा मिटायच्या, डोळा लावायचा आणि प्रकाश त्या थेंबात किती वाकतो तो आकडा वाचायचा.

माझ्या काचा घासणाऱ्या कारागिरानं डोळ्यांत तेल घालून काम केलं होतं. त्यामुळे मला खोटं बोलता येत नाही. या प्रयोगशाळेत आल्यावर कळलं, की ही इथे मोठीच गैरसोय आहे.

इथल्या सरांचा एक नियम होता. कुठलेही दोन द्रव मिसळा, मिश्रणाचा आकडा न मोजता कागदावरच सांगता येतो, असा. सर त्याला पोटच्या पोरासारखं जपायचे. त्यांच्या विद्यार्थिनीची पीएचडी त्याच नियमावर टांगलेली होती. आई तिला फोनवर विचारायची, "दोनच गोष्टी मिसळायच्यात ना गं? मग एवढी वर्षं कशाला?"

ती बिचारी थेंब ठेवून लगेच बघायची. आकडा नियमापेक्षा कमीच यायचा.

"सर, बसत नाहीये."

"तुझा डोळा बसत नाहीये," सर म्हणायचे. मग स्वतः थेंब टाकायचे आणि माझ्या काचा उघड्याच ठेवून नियमाचा जन्म कसा झाला ते सांगायला लागायचे. मिश्रणातला एक द्रव भलताच उडता होता. सर बोलत, तो उडत जाई. मध्येच सर काचा मिटून बघत, "अजून जरा थांबू," म्हणत आणि पुन्हा उघडून आणखी एक किस्सा सांगत. मागे उरलेल्या जड द्रवामुळे आकडा वर सरके. नियमाशी जुळला रे जुळला, की सर म्हणत, "हं, लिही."

एकदा ती धीर करून म्हणाली, "सर, हलका द्रव उडून जातोय. लगेच मिटून बघू या का?"

"द्रावण स्थिरावायला वेळ लागतो. तुला डिग्री हवीय ना?"

तिनं मान खाली घालून लिहिलं. मला फार वाईट वाटलं. पण आकड्याशिवाय दुसरी भाषा मला येत नाही, आणि तो तर त्यांनी आधीच ठरवला होता.

तिला डिग्री मिळाली. सर निवृत्त झाले आणि आता त्यांच्या खुर्चीत ती बसते. सगळे तिला मॅडम म्हणतात.

आज तिच्या विद्यार्थ्यानं थेंब ठेवला, चटकन डोळा लावला आणि म्हणाला, "मॅडम, आकडा कमी येतोय."

मॅडम उठून माझ्याजवळ आल्या. मला वाटलं, आता खरं काय ते सांगतील. त्यांनी माझ्या काचा पुसल्या, नवा थेंब टाकला आणि खुर्ची पुढे ओढली.

"बस," त्या म्हणाल्या. "आधी हा नियम कसा सापडला ते सांगते. काचा राहू देत उघड्या."

त्या अजून बोलताहेत आणि थेंब कडेनं वाळत चाललाय. तुमच्यापैकी कुणी जवळपास असेल, तर कृपा करून आत्ताच डोळा लावा.