वाढत्या मापाची सायकल

"आणि यात दोन इंच वाढतं धरा," उमानं सांगितलं आणि टेप गुंडाळून टेकचंदच्या हातात दिली.

अर्धवट बनलेल्या पत्र्याच्या कपाटाआडून मीनल ड्रेस झटकत बाहेर आली. माप उमानंच घेतलं होतं. पायाचं, पाठीचं, हाताचं. परक्या माणसानं पोरीच्या अंगाला टेप लावायची म्हणजे काय, मग सायकल असो नाहीतर आणखी काही! टेकचंदलाही ते पटलं होतं. हे दोन इंच मात्र त्याला पटेनात.

"भाभी, ये फ्रॉक थोडी है," तो म्हणाला. "फ्रॉक ढिला झाला तर टीप मारता येते. सायकल अंगाबरोबरच पाहिजे."

"पंधरा वर्षांची आहे हो ती. मीसुद्धा या वयात एवढीशीच होते, दहावीत एकदम उंच झाले. माझ्यावरच जाणार ही."

टेकचंदनं दिनानाथकडे पाहिलं. दिनानाथ अंबरनाथच्या एका कारखान्यात खरेदी अधिकारी होता. साधा कुकर घ्यायचा तरी तीन दुकानं पालथी घालणारा माणूस. त्यानं कपाळाला आठ्या घालून जरा विचार केला.

"बरोबर आहे तिचं. एवढी खास बनवून घ्यायची आणि वर्षभरात आखूड झाली तर? धरा दोन इंच."

मीनल काहीतरी बोलणार होती, पण आईबाबांचं एकमत झालेलं पाहून गप्प बसली. असं एकमत त्यांच्या घरी वर्षातून एखादेवेळी व्हायचं.

उल्हासनगरच्या कॅम्प चारमधला हा टेकचंद पोटासाठी लोखंडी कॉट आणि कपाटं करायचा. पण तरुणपणी त्यानं सायकलच्या रेसेस मारल्या होत्या आणि ते वेड काही गेलं नव्हतं. कुणी फारच मागे लागलं, तर तो हलक्या पोलादी नळ्या आणून, त्या ज्योतीवर पितळेनं जोडून, कानशीनं घासून रेसची सायकल हातानं बनवून द्यायचा. मीनल बाबांची जुनी काळी सायकल हाणत तालुक्यात पहिली आली, तेव्हा शाळेतल्या खेळाच्या बाईंनीच त्याचा पत्ता दिला होता.

दिवाळीच्या तोंडावर सायकल घरी आली. काय देखणी होती म्हणून सांगू! लालभडक रंग, करंगळीएवढे टायर, खाली वळलेलं हँडल. एका हातानं उचलून जिना चढावा इतकी हलकी. दिनानाथनं तिच्यावर कुंकवाचं स्वस्तिक काढलं, चाकाखाली लिंबू ठेवलं, नारळ फोडला. अख्खी बिल्डिंग खाली उतरली होती. समोरच्या कुमुदिनीवहिनींनी पेढा तोंडात टाकता टाकता विचारलंच, "पण एवढ्यात लुना आली असती, नाही?" दिनानाथनं ऐकून न ऐकल्यासारखं केलं.

मग मीनल सायकलवर चढली आणि सगळ्यांना दिसायचं ते दिसलं. सीट पार तळाला नेली तरी तिचे नुसते चवडे टेकत होते. हँडल गाठायला ती इतकी ओणवी होत होती की पाठीमागून डोकंच दिसेना.

"सवय होईल," दिनानाथ म्हणाला.

"वाढेल की आता," उमा म्हणाली.

पण मीनल वाढली नाही. उमा दर रविवारी तिला दाराच्या चौकटीला उभी करायची, डोक्यावर पट्टी धरायची आणि पेन्सिलनं रेघ मारायची. रेघेवर रेघ, पुन्हा त्याच रेघेवर रेघ. रोज दूध, दर दोन दिवसांनी अंडं, गॅलरीच्या गजाला लोंबकळणं, सगळं करून झालं.

"आई, बास कर ना आता," मीनल एका रविवारी म्हणाली. "मी बाबांवर गेलेय."

दिनानाथ उमाच्या जेमतेम कानाला लागायचा. लग्नाच्या फोटोत त्याला पाटावर उभं केलं होतं. घरात सगळ्यांना ते माहीत होतं आणि सतरा वर्षांत कुणी तोंडातून काढलं नव्हतं. मीनल बोलून गेली आणि तिनं जीभ चावली. दिनानाथनं पेपरचं पान उलटलं.

जिल्ह्याची निवड महिन्यावर आली. मीनलची मान धरली, खांदे भरून आले, हाताला मुंग्या यायला लागल्या. तक्रार तिनं केली नाही. एके दिवशी ती लाल सायकल गॅलरीत भिंतीला टेकवून गेली आणि सरावाला पुन्हा बाबांची काळी घेऊन उतरली. त्या काळ्या धुडावर तालुका जिंकता आला होता, जिल्हा जिंकता येणार नव्हता, हे तिलाही कळत होतं. उमा स्वतःलाच दोष द्यायला लागली. लेकीची वर्षाची मेहनत आपल्या दोन इंचांनी मातीत घातली! टेकचंद बिचारा सांगत होता, आपल्याला शहाणपण सुचलं.

दुसऱ्या दिवशी पहाटे मीनल क्लासला गेली, दिनानाथ पहिल्या पाळीच्या बसनं गेला आणि उमा गॅलरीत त्या सायकलकडे बघत उभी राहिली. खरंच एवढी मोठी आहे का? की पोरगी उगीच घाबरते? एकदा आपणच बघावं. काश्मीरच्या सहलीसाठी शिवलेला आणि नंतर कपाटात पडलेला पंजाबी ड्रेस तिनं चढवला, सायकल उचलून मागच्या जिन्यानं खाली नेली आणि बदलापूरच्या रस्त्याला लागेपर्यंत तिच्यावर बसलीसुद्धा नाही.

माहेरी, रोह्याला, ती भावाच्या सायकलवर शाळेत जायची. लग्नानंतर पायडलला पाय लावला नव्हता. पहिल्यांदा ती थेट झाडीत घुसता घुसता राहिली. दुसऱ्यांदा हँडल सापडलं. सीट तिनं चार बोटं वर घेतली होती, आणि पाय असे सरळ पोचले, पाठ अशी बेतानं वाकली, की पुढचं तिला काही करावंच लागलं नाही. सायकल पळायलाच लागली. अगं बाई! उमा मोठ्यानं म्हणाली आणि एकटीच हसायला लागली.

बदलापूरच्या अलीकडे ती दम खायला थांबली. सोनिवलीची ठमाबाई भाजीची पाटी उतरवून तिथंच बसली होती. उमा तिच्याकडून नेहमी वालाच्या शेंगा घ्यायची.

"कुनाची गो ही?"

"मुलीची आहे."

ठमाबाईनं तिला पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं. "पोरीची कशी आसंल? तुज्याच मापाची दिसते."

उमानं खाली पाहिलं. ठमाबाई म्हणत होती ते खरं होतं. लेक आपल्याएवढी होणार असं धरून तिनं स्वतःचंच माप टेकचंदला देऊन ठेवलं होतं. घरातल्या साड्या सासूबाईंनी आणलेल्या, चपला सेलमधल्या, स्वयंपाकाचा ओटासुद्धा आधीच्या भाडेकरूच्या उंचीचा, त्यानं रोज कंबर दुखायची. आणि अंगाबरोबर बसणारी ही एवढी एक वस्तू मिळाली, तीही चुकून.

त्यानंतर ती रोजच जायला लागली. कुणाला सांगितलं नाही. काय सांगणार? परत आली की सीट पुन्हा तळाला न्यायची, चाकं पुसायची आणि साडी नेसून पोळ्यांना लागायची. इतक्या आनंदात पोळ्या लाटल्याचं तिला आठवत नव्हतं. आनंदाच्या बरोबरीनं चोरटंही वाटायचं. पोर काळ्या सायकलवर घाम गाळतेय आणि आई तिच्या लाल सायकलवर मजा मारतेय, याला काय म्हणावं?

शेवटी तिनंच विषय काढला. "टेकचंदकडे नेऊन ही आखूड करता येते का बघते. निवडीला अजून दिवस आहेत."

मीनल दप्तर भरत होती. तिनं वर पाहिलं नाही.

"राहू दे हवं तर, आई. मी काळीवर देईन निवड."

"का म्हणून?"

"काल सीट खाली करायची विसरलीस तू."

उमाला कुठं बघावं कळेना. मीनलनं दप्तराचं बक्कल लावलं, काढलं, पुन्हा लावलं.

"छान चालवतेस तू," ती म्हणाली. "मी बघितलं परवा, क्लासहून येताना. मला तर ओळखूच आली नाहीस."

हो म्हटलं असतं तर सायकल उमाची झाली असती. लेक मनापासून देत होती, हेही दिसत होतं. उमाला क्षणभर मोह झाला, खोटं कशाला बोला. मग तिनं मीनलच्या पाठीत एक धपका घातला.

"शहाणी आहेस! सायकल तुझी आहे. मुकाट्यानं क्लासला जा."

त्या दिवशी उमा भर दुपारी निघाली. मागच्या जिन्यानं नाही, पुढच्या. रिक्षात घालून नेता आली असती, पण आज शेवटचं चालवायचं होतं आणि लपूनछपून चालवायचं नव्हतं. अंबरनाथ पश्चिमेच्या बाजारातून, भाजीवाल्यांच्या मधून, बँकेसमोरून ती गेली. कुमुदिनीवहिनी बँकेच्या पायरीवर पासबुकानं वारा घेत उभ्या होत्या, त्यांचा हात वाऱ्यातच थांबला. उमानं घंटी वाजवायला अंगठा नेला, तर या सायकलला घंटीच नव्हती. म्हणून तिनं हात हलवला.

टेकचंद दुकानाबाहेर चहा पीत होता. तिला उतरताना पाहून त्यानं पेला खाली ठेवला.

"भाभी! सायकल तर बसली!"

"मला बसून काय उपयोग? मुलीला बसली पाहिजे. कापून लहान होईल ना?"

"होईल. जोड खोलून नळ्या छोट्या करतो." त्यानं सायकलच्या दांड्यावरून हात फिरवला. "लेकिन एकदा कापली की परत लांब होणार नाही. सोच लो."

"केला विचार. संध्याकाळी मीनल येईल, तुमच्या बायकोला माप घ्यायला सांगा. मी येत नाही. मी आले की पुन्हा काहीतरी सांगेन."

टेकचंद हसला. उमाही हसली. परतताना ती रिक्षानं न जाता चालत आली, आणि स्टेशनपाशी आल्यावर तिला रडू फुटलं. साधं डोळ्यांत पाणी नाही, चांगलं हुंदके देऊन. रसवंतीवाल्यानं विचारलं, "ताई, काय झालं?" त्याला काय सांगणार, सायकल गेली म्हणून? चाळिशीच्या बाईनं? तिनं रस घेतला, प्यायली, तोंड पुसलं आणि घरी आली.

आठवड्यानं सायकल परत आली. मीनल तिच्यावर बसली, दोन्ही पाय नीट पोचले, मान सरळ राहिली. "सांभाळून गं" एवढं उमानं म्हणेपर्यंत पोरगी पाण्याच्या टाकीपलीकडे दिसेनाशी झाली होती. बिल्डिंगमधल्या पोरांनी टाळ्या वाजवल्या. उमानंही वाजवल्या, आणि मनापासून वाजवल्या.

रात्री जेवताना मीनलची टकळी थांबत नव्हती. ब्रेक असे लागतात, चढाला अशी पळते, बाईंनी घड्याळ लावलं तर त्यांचा विश्वास बसेना. दिनानाथ मान खाली घालून वरण कालवत होता. तिचं बोलणं संपल्यावर तो म्हणाला,

"कुमुदिनीवहिनी आठवडाभर मला काहीतरी सांगायचं म्हणतायत. आज जिन्यात गाठलंच."

उमाचा हात भाताच्या पातेल्यावर थांबला. "काय म्हणाल्या?"

"तू म्हणे रेसच्या सायकलवरून भर बाजारातून गेलीस. पंजाबी ड्रेस घालून. त्यांना हात केलास."

"केला."

मीनलनं घास तोंडात तसाच ठेवला. आता हा माणूस काय बोलेल याचा उमानं आठवडाभर विचार केला होता, आणि प्रत्येक बोलण्यावर उत्तरही जुळवून ठेवलं होतं. त्यातलं एकही तिनं वापरलं नाही.

"अहो, मला एक सायकल हवी आहे," ती म्हणाली. "माझ्या मापाची. टेकचंदकडून."

'मला हवी आहे' हे शब्द या घरात आपल्या तोंडून पहिल्यांदाच ऐकतोय, असं तिला वाटलं. तिचा आवाज थोडा मोठाच लागला होता.

दिनानाथनं बोटं चाटली. वाटीतलं वरण संपवलं. मग खरेदी खात्यात बसल्यावर विचारतो तशा आवाजात त्यानं विचारलं,

"रंग कोणता?"

पडद्यांचा रंग, मीनलच्या फ्रॉकांचा, दिनानाथच्या शर्टांचा, दिवाळीला भिंतींचा, सगळे रंग उमानंच ठरवले होते. स्वतःसाठी कोणता हवा, हे मात्र तिला कुणी कधी विचारलं नव्हतं. दोघंही जेवायचे थांबून तिच्याकडे बघत होते. तिनं पातेलं आणि डाव त्यांच्यापुढे सरकवला.

"भात घ्या तुम्ही वाढून," ती म्हणाली. "मला जरा विचार करू दे."