माशीतून उरलेला जोंधळा

मी जोंधळा बोलतोय, तीर्थपुरीकडच्या काळ्या रानातला. दरसाल मातीत जायचं, दरसाल उगवायचं आणि उगवताच माशीच्या तोंडी पडायचं. फार दमलोय मी.

ही माशी घरातल्या माशीहून बारीक. कोवळ्या पानाच्या पाठीवर अंडी घालते. अळी आत उतरून मधला पोंगा, म्हणजे कोवळ्या पानांची सुरळी, कुरतडते. पोंगा वाळला की त्या ताटाला कणीस कसलं येणार?

एका साली कडूबाचं जवळजवळ सगळं रान असं वाळलं. त्याची बायको झुंबरबाई एकेका ओळीतून बघत फिरत होती. मी मात्र उभा होतो. माझं पान अरुंद, ताठ, चकाकणारं. तिनं मला लुगड्याची चिंधी बांधली.

"काय करून राह्यलीस?" कडूबानं विचारलं.

"ह्याला माशी लागली न्हाई. ह्याचंच बी धरू."

पुढं मला कणीस आलं, तेव्हा तो हसला. "दाणा बघ की त्याचा! मोहरीएवढा."

"मंग टपोरा होईस्तोवर निवडू."

तिनं तसंच केलं. माशीतून वाचलेली ताटं हेरायची आणि त्यांतलं भरदार कणीस बियाण्याला ठेवायचं. बाकीचे माझे भाऊ जात्यात जायचे. निवडलं जाण्याचाही शीण येतो. पण दाणा हळूहळू भरत गेला.

मग दुसऱ्या मोठ्या लढाईच्या दिवसांत लेव्ही, म्हणजे सक्तीची धान्यवसुली, आली. सरकारी माणसं धान्य घेऊन गेली. पाऊसही झाला नाही. घरात बियाण्याचा तेवढा मी उरलो. झुंबरबाई तापानं अंथरुणाला खिळलेली. कडूबानं मडकं जात्यापाशी आणलं.

"दळू का गं?"

ती म्हणाली, "दळा. पण आधी शेरभर शेजारच्या आमिनाला देऊन या. तिचा नवरा लालमियाँ कमावून आणतो. ती दळणार न्हाई."

कडूबा देऊन आला. उरलेल्याची भाकर झाली. तिनं चतकोर खाल्ली. "गोड हाय की," म्हणाली. त्याच तापात ती गेली.

आमिनाच्या रानात मी वाढत राहिलो. अठ्ठेचाळीस साली लालमियाँनं मला पेरलं; सुगीला तो नव्हता. त्या साली निजामाचं राज्य पडलं, तेव्हा गावोगाव मुसलमान माणसं मारली गेली, त्यांत तोही गेला.

कापणीला कडूबा आपणहून आला. शेजारची रानं माशीनं विरळ झालेली, आमिनाचं दाट उभं.

"भाऊ, बियाण्याची कणसं तुमीच निवडा," आमिना म्हणाली. "आजवर ह्यांनी निवडली. मला बराबर जमत न्हाई."

"आमची ती काय बघायची, ते मी कधी बघितलंच न्हाई," कडूबा म्हणाला आणि बांधावर बसून रडला. आमिनाही रडली.

मग दोघं उठले. एकेक कणीस हातात घेऊन, एकमेकांना विचारत निवडू लागले. काही बरोबर निवडली, काही चुकली.

सध्या मी आमिनाच्या घरी कीड लागू नये म्हणून राखेत मिसळून मडक्यात पडून आहे. पुढच्या साली माशी पुन्हा येईल. तेव्हा रानात जरा वाकून बघा. जे ताट उभं राहिलं असेल, त्याचं कणीस दळू नका. एवढंच मागतो.