सरुबाईच्या घरातून आलेली मागणी

व्हिडिओचं चित्र फाटायला लागलं की ॲपनं नेटवर्कच्या कंट्रोलरकडं रुंद वाट, म्हणजे जास्त बँडविड्थ, मागायची आणि कंट्रोलरनं ती द्यायची. या मागणीचा एपीआय, म्हणजे दोन्हींना जोडणारा प्रोग्रॅम, विभानंच लिहिला होता. कमलनगरच्या एका छोट्या इंटरनेट कंपनीत ती कामाला होती. म्हणून मन्नाएखेळ्ळीच्या एका घरातला कॅमेरा चार दिवस सारखं सगळ्यांत स्पष्ट चित्र मागतोय, हे पहिल्यांदा तिच्याच ध्यानात आलं.

कनेक्शनवरच्या नंबरला फोन लावला, तर पुण्याहून संघपाल बोलला. त्याची आई सरुबाई एकटी राहायची, म्हणून त्यानं तो कॅमेरा बसवला होता. आई जाऊन बारा दिवस झाले, घराला कुलूप आहे आणि मेन स्विच आपणच पाडून आलो, असं त्यानं सांगितलं.

चूक आपल्याच प्रोग्रॅममध्ये असणार, असं धरून विभानं सगळं दोनदा तपासलं. चूक सापडेना. मग लाइनमन व्यंकटला घेऊन ती मन्नाएखेळ्ळीला गेली. शेजारणीनं किल्ली दिली. बाहेर दुपारचं ऊन रणरणत होतं, आत मात्र गारठा होता. राउटर विझलेला. व्यंकटनं कॅमेरा भिंतीवरून काढून हातात घेतला. वायर तुटून लोंबत होती. विभाच्या लॅपटॉपवर मागण्या येतच होत्या, सेकंदाला एक.

"ब्लॉक करून टाका की, मॅडम," व्यंकट हळूच म्हणाला.

विभाचं बोट ब्लॉकच्या बटणापर्यंत गेलंही. पण आधी तिनं संघपालला फोन लावून सारं सांगितलं.  तो म्हणाला, डाटा वाचावा म्हणून आपण चित्र कायम सगळ्यांत खालच्या दर्जावर ठेवायचो. आई रोज विचारायची, मी नीट दिसायले का रे? आपण न बघताच व्हय म्हणायचो.

"आता ॲप उघडून बघा," विभा म्हणाली आणि होती नव्हती तेवढी वाट तिनं त्या घराला मोकळी करून दिली.

संघपालनं तिकडं ॲप उघडलं.

"स्पष्ट दिसायलंय," संघपाल म्हणाला. "मॅडम, तुम्ही दोघं जरा बाजूला सरका."

कॅमेरा व्यंकटच्या हातात होता, काच जमिनीकडं. मागं वळून न बघता दोघं भिंतीला लागून उभे राहिले. फोनवर संघपाल रडत रडत कुणाला तरी उत्तरं देत होता. जेवलो, म्हणत होता. तब्येत बरी आहे, म्हणत होता.

मागण्या थांबल्या तेव्हा तीन वाजून गेले होते. व्यंकटनं कॅमेरा जपून बाजेवर ठेवला आणि बाहेर येऊन दाराला कुलूप लावलं.