चार बोटं उंच

थेल्माला सोफ्याच्या दोन्ही बाजूंना ठेवायला टेबलं हवी होती, आणि ती मिळू नयेत असंही तिला वाटत होतं. अशा बाईबरोबर दुकानं हिंडणं ही काय शिक्षा असते ते क्लेमला ठाऊक. पण विचारलंत तर तो सांगायचा नाही. मूळचा विमेराकडचा, पावसाच्या भरवशावरचा शेतकरी तो. निम्मा जन्म आभाळाकडे बघण्यात गेलेला. वाट बघायची त्याला सवयच होती.

दर शनिवारी सकाळी दोघं निघत. मेलबर्नची उपनगरं एकेक करत कोबर्ग झालं, ब्रन्सविक झालं, प्रेस्टन झालं. चर्चची जुन्या सामानाची दुकानं, लिलावाच्या वखारी, कुणी मेल्यावर घरातलंच सामान विकायला काढलेलं असे ती घरं. क्लेमच्या खिशात मापाची टेप आणि थेल्माच्या डोळ्यांपुढे घरचा सोफा. मोरपंखी मखमलीचा, गुबगुबीत हातांचा, तीन माणसं ऐसपैस बसतील असा सोफा. तिनं आणि मर्व्हनं लग्नानंतर वर्षाच्या आत जुन्या बाजारातून घेतलेला. गाडीच्या टपावर टाकून घरी आणताना मर्व्हनं खिडकीतून एक हात बाहेर काढून दोरी धरली होती, आणि रस्ताभर थेल्मा किंचाळत होती. मर्व्हला जाऊन सहा वर्षं झाली. मखमल हातांवर जरा विरली होती, पण सोफ्याचा तोरा तसाच होता.

टेबलांत मात्र एक पसंत पडेल तर शपथ. काचेचं पाहिलं की थेल्मा म्हणे, "दवाखान्यात बसल्यासारखं वाटतं." वेताचं पाहिलं की, "हे व्हरांड्यातलं." सागवानी चांगलं मिळालं तर ते "फार शिष्ट" निघे. गोल असलं तर कोपरे हवेत आणि कोपरे असले तर गुडघ्याला लागतात. क्लेम टेप उघडी, माप घेई, टेप बंद करी आणि म्हणे, "बरं, पुढच्या शनिवारी." त्याच्या त्या 'बरं'ची तिला चीड येऊ लागली होती. एकदा तरी भडकावं माणसानं!

टेबलांची अट मुळात तिनंच घातली होती. दोघांची ओळख चेंडू घरंगळवायच्या बोलिंग क्लबच्या हिरवळीवर झाली, दोन वर्षं झाली त्याला. क्लेम राहत होता ते भाड्याचं घर मालकानं विकलं, तेव्हा थेल्माच उत्साहाच्या भरात बोलून गेली, "माझ्याकडेच ये की राहायला. सोफ्याला साजेशी टेबलं तेवढी मिळू देत. नाहीतर तुझे कप ठेवायचे कुठे?" तेव्हा दोघं हसले होते. आता मुदतीचा महिना संपत आला होता आणि क्लेमला घर रिकामं करायचं होतं. हॉर्शमला क्लेमच्या बहिणीनं मागची खोली झाडूनपुसून ठेवली होती. मेलबर्नपासून चार तासांचा रस्ता. या वयात चार तासांच्या रस्त्यावर प्रेम टिकत नाही, हे दोघांनाही कळत होतं.

क्लेमकडे त्याच्या आईची दोन टेबलं होती. काळसर ब्लॅकवुडची, बारीक पायांची, हात लावला तर गार आणि गुळगुळीत. एकावर आईचा रेडिओ असायचा, दुसऱ्यावर विणकाम. तो ती एकदा दाखवायला घेऊन आला होता. थेल्मानं सोफ्याशेजारी लावून पाहिली. सुंदर दिसत होती, म्हणून ती घाईघाईनं खोट शोधू लागली.

"उंच आहेत," ती म्हणाली. "सोफ्याच्या हातापेक्षा चार बोटं उंच. कप घ्यायला वर हात करायचा म्हणजे शाळेत असल्यासारखं होईल."

"बरं," क्लेम म्हणाला आणि टेबलं उचलून गाडीत ठेवायला गेला.

त्या दिवसापासून तिच्या जिवाला चैन नव्हती. भांडं घासायला घेई आणि अर्धवट टाकून खिडकीशी जाई. सोफ्यावर बसे, उठे, उशी झाडे, पुन्हा बसे. बसे ती नेहमीच्या खिडकीकडच्या टोकाला. दुसरं टोक मर्व्हचं. तिथे त्याची चौकड्यांची शाल घडी करून ठेवलेली असे आणि तिथे कुणी बसत नसे. तीसुद्धा नाही. क्लेम आला की ती त्याला समोरच्या खुर्चीत बसवी. इकडे का नको, हे त्यानं कधी विचारलं नाही. विचारलं असतं तर बरं झालं असतं, म्हणजे तिला एकदाचं ओरडता तरी आलं असतं. क्लेम हवा होता, अगदी हवा होता. पण त्या टोकाला दुसरं माणूस बसलेलं बघायचं या कल्पनेनं तिचा जीव घाबरा होई. आणि हे त्याला सांगावं कसं? म्हणून टेबलं.

शेवटचा शनिवार उजाडला. थेल्मा केस सेट करून घ्यायला गेली. खरं तर केस बरे होते. पण घरात थांबवेना. परत आली तर फाटकाबाहेर गवतावर क्लेम उभा, हातात व्हॅक्यूमची नळी, आणि चेहरा मेंढरू हरवलेल्या माणसासारखा.

"थेल," तो म्हणाला, "रागावू नकोस."

ती आत धावली. बैठकीच्या खोलीत गालिचा ओला होता. भिंतीशी ती दोन ब्लॅकवुडची टेबलं अंतर सोडून ठेवलेली होती, एकावर मर्व्हची शाल घडी घालून. मध्ये काही नव्हतं.

"सोफा कुठाय?"

"बाहेर ठेवला होता. धूळ काढायला. शेजारच्या पोराला हाताशी घेतलं. वायर पुरेना म्हणून दुसरी आणायला आत आलो, दोन मिनिटं..."

"गवतावर ठेवलास? आज?"

नगरपालिका घरोघरची अडगळ उचलून नेते तो आठवडा चालू होता. सगळ्या रस्त्यानं घरासमोरच्या गवतावर गाद्या, मोडक्या खुर्च्या, पंखे, लहान मुलांच्या सायकली मांडलेल्या होत्या. पालिकेचा ट्रक येईपर्यंत त्यातलं निम्मं सामान इकडच्या घरातून तिकडच्या घरात गेलेलं असतं. गवतावर आलं ते बघेल त्याचं, हे कोबर्गमधलं शेंबडं पोरही जाणतं. पण क्लेम गावाकडचा. तिकडे माणसं नांगर रस्त्याकडेला ठेवून महिनाभर विसरतात आणि नांगर तिथेच असतो.

समोरच्या घरातली डेस्पिना तोवर रस्ता ओलांडून आलीच होती. त्या गल्लीत तिच्या नजरेतून मांजर सुटत नसे.

"पांढरी पिकअप," ती म्हणाली. "मागे तपकिरी कुत्रा. एक दाढीवाला आणि एक पोरगी. मी ओरडले, अरे, टाकलेला नाही तो! तर मेल्यांनी मला हात हलवून टाटा केलं. शाळेच्या बाजूला गेले." मग तिनं क्लेमला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "सोफा सांभाळता येत नाही बाबा तुला. बाई काय सांभाळणार?"

दोघं गाडीत बसले. क्लेम चालवत होता, थेल्मा काचेला नाक लावून प्रत्येक अंगण बघत होती.

"मुद्दाम ठेवलास बाहेर," ती म्हणाली.

"मुद्दाम कशाला ठेवीन?"

"तुला तो नकोच होता. मर्व्हचा आहे ना!"

"धूळ काढायची होती, थेल. गालिचा धुवायचा होता. तू यायच्या आत टेबलं लावून ठेवायची होती."

"तुला कुणी सांगितलं होतं टेबलं लावायला? उंच आहेत म्हणून सांगितलं होतं ना मी!"

क्लेमनं गाडी एका बाजूला घेऊन थांबवली. तिला वाटलं, आता भडकणार. पण तो तिच्याकडे वळून अगदी साध्या आवाजात म्हणाला, "किती टेबलं बघितली आपण? तुला टेबल नकोय. तुला मी नकोय. तसं एकदा स्पष्ट सांग. मी हॉर्शमला जाईन, तुझ्यावर राग धरणार नाही."

थेल्मा पुन्हा काचेकडे वळली. खोटं बोलायची सवय इतकी झाली होती की खरं कुठून सुरू करावं तेच सुचेना.

"डावीकडे वळ," ती म्हणाली. "कुत्रा भुंकतोय."

कुत्रा तपकिरी होता आणि सोफा व्हरांड्यात होता. त्यावर एक पोरगी टोस्ट खात आडवी पसरली होती. डोकं थेल्माच्या टोकाला आणि अनवाणी पाय थेट मर्व्हच्या टोकावर. पोरगी मजेत पायाची बोटं हलवत होती.

दाढीवाला बाहेर आला. "गवतावर होता, दोस्त," तो क्लेमला म्हणाला.

"होता खरा," क्लेम म्हणाला.

"होता खरा काय!" थेल्मा कडाडली. "माझा सोफा आहे तो. मागे खालच्या बाजूला शाईचा डाग आहे, बघ जा. माझ्याच हातून सांडली होती."

पोरगी उठून मागे वाकली. "आहे रे डाग," ती खिन्नपणे म्हणाली. "आणि आम्हाला वाटलं एकदाचं जमलं. आमच्याकडे टेबल आहे, त्याला शोभेल असा सोफा मिळत नव्हता."

त्यांचं टेबल म्हणजे जाड तार गुंडाळायचं मोठं लाकडी रीळ होतं, पिवळ्या रंगानं रंगवलेलं. ते मोरपंखी मखमलीपुढे इतकं झकास दिसत होतं की थेल्माला त्याचाही राग आला.

दाढीवाला मात्र भला निघाला. त्यानं सोफा पुन्हा पिकअपमध्ये चढवला, घरापर्यंत आणला, आणि क्लेमची म्हातारी पाठ बघून आत उचलून ठेवायलाही मदत केली. "पुढच्या वेळी पाटी लावा, दोस्त," असं म्हणून तो गेला.

सोफा दोन टेबलांच्या मध्ये बसला. थेल्मानं सोफ्याच्या हातावरून हात फिरवला, आणि तिचा तळवा मखमलीवरून सरळ लाकडावर गेला. ना वर, ना खाली. तिनं परत फिरवला. मग तिनं गुडघे टेकून टेबल जरा कलतं केलं. टेबलाच्या बारीक पायांची टोकं ताजी कापलेली होती, आत पिवळसर लाकूड दिसत होतं.

"क्लेम," ती म्हणाली, "आईची टेबलं कापलीस?"

"चार बोटं. तू म्हणालीस तेवढीच."

"अरे, पण तुझ्या आईची!"

"आई आता कुठे कप ठेवतेय?" तो म्हणाला, पण टेबलाकडे न बघता.

थेल्मा तशीच जमिनीवर बसली. सहज तोंडाला आलं ते कारण फेकलं होतं तिनं, आणि या माणसानं ते उचलून घरी नेऊन करवत चालवली होती. तिला स्वतःची इतकी लाज कधी वाटली नव्हती.

"उंचीचं काही नव्हतं रे," ती म्हणाली.

"ठाऊक आहे मला."

"मग कापलीस कशाला?"

"म्हणजे ते कारण तरी संपेल." क्लेम आपणहून समोरच्या खुर्चीत जाऊन बसला. "दुसरं असेल तर सांग. माझ्याकडे अजून एक कपाट आहे कापण्यासारखं."

तिला हसू आलं आणि रडूही आलं, आणि त्या भरात ते निघून गेलं तोंडातून. "त्या टोकाला मर्व्ह बसायचा. तिथे तुला बसलेलं मला बघवणार नाही. तू नकोस असं नाही. तू हवास. पण तिथे नकोस. आता काय करशील? सोफा कापशील?"

क्लेमनं खुर्चीच्या हातांवर तळवे टेकले. या वेळी 'बरं'सुद्धा म्हणाला नाही. त्याचा चेहरा पाहून थेल्माच्या लक्षात आलं, की तो आता खरोखरच उठेल, टेबलं उचलेल आणि हॉर्शमला जाईल.

ती उठली. टेबलावरची शाल घेतली, खांद्यावर टाकली, आणि सोफ्याला वळसा घालून मर्व्हच्या टोकाला जाऊन बसली. "तू माझ्या जागेवर बस," ती म्हणाली. "ये."

क्लेम येऊन अंग चोरून बसला. थेल्मा रेलली, आणि ताडकन उठली.

"काय झालं?"

"टोचलं." तिनं हात घालून चाचपलं. मखमलीखाली स्प्रिंग सुटलेली होती, जुनी, टोक बोथट झालेलं. तिनं बरोबर त्यावर बोट ठेवून धरलं. सोफा तिनं पसंत केला होता. त्या दिवशी बाजारात मर्व्ह याच बाजूला बसला होता, जरासा हलला होता, आणि तिच्या तोंडाकडे बघून म्हणाला होता, छान आहे की, घेऊन टाकू.

"मेल्यानं," ती म्हणाली, "सगळा संसार झाला, पण तोंडातून चकार शब्द काढला नाही."

ती पुन्हा तिथेच बसली, स्प्रिंग टाळून नाही, थेट तिच्यावर, आणि पोटभर रडली. मग तिनं शालीनंच नाक पुसलं.

"राहायला ये," ती म्हणाली. "पण माझ्या घरात टोचलं तर बोलायचं. गुपचूप करवत चालवायची नाही. कबूल असेल तर ये."

"काहीही टोचलं तरी?"

"काहीही."

क्लेमनं थोडा विचार केला.

"मग आत्ताच सांगतो," तो म्हणाला. "दोन वर्षं पितोय, थेल. चहा फार पांचट करतेस तू."