चौसष्ट रानांची एकच माती

इनामगावहून मातीच्या नमुन्यांचं पोतं आलं, तेव्हा प्रयोगशाळेत रश्मी एकटीच होती. दौंडमध्ये ट्रॅक्टरच्या सुट्या भागांचं एक दुकान आहे, त्याच्या वरच्या मजल्यावर ही खाजगी माती परीक्षण प्रयोगशाळा. रश्मी रोज पाटसहून एसटीनं यायची. शेतीची पदवी घेऊन तिला दीड वर्ष झालं होतं. सरकारी योजनेत शेतकऱ्यांना त्यांच्या मातीचं कार्ड द्यायचं काम या प्रयोगशाळेकडं होतं, आणि अहवालावर परीक्षक म्हणून तिची सही असायची.

पोत्यात चौसष्ट पिशव्या होत्या, प्रत्येकीत शेतकऱ्याचं नाव आणि गट नंबर लिहिलेली चिठ्ठी. पहिली पिशवी तिनं कागदावर ओतली. तांबूस, भरड मुरूम. दुसरीतही तोच. दहावी ओतल्यावर तिचा हात थांबला. इनामगाव तिनं पाहिलं होतं. घोड नदीकडची रानं काळी, खोल. वर माळाकडची हलकी. चौसष्ट रानांचा रंग एक असणं शक्यच नव्हतं. एकविसाव्या पिशवीत गुटख्याच्या पुडीचा तुकडा निघाला, चाळिसावीत आणखी एक.

सामू, म्हणजे पीएच, मोजायला माती पाण्यात कालवावी लागते. तिनं टेबलावर काचेची पात्रं मांडली, माती घातली, पाणी ओतलं, ढवळलं. थोड्याच वेळात खोलीत उग्र वास पसरला. आधी तिला वाटलं, खालची गटार तुंबली असेल. मग ती एका पात्रावर वाकली आणि तशीच मागं सरकली. मुताचा वास होता. दुसऱ्या पात्रालाही तोच. तिनं खिडकी उघडली आणि तोंडावर ओढणी धरून कितीतरी वेळ तिथंच उभी राहिली.

नमुने आणायचं काम पप्पूकडं होतं. चाळिशीचा, दोन लेकरांचा बाप, मोटारसायकलवर तालुके पालथे घालणारा. दुपारी तो आला तेव्हा तिनं विचारलं, "पप्पूदादा, ही माती कुठली?"

"चिठ्ठीवर हाय की लिवल्यालं."

"खरं सांगा."

पप्पू हसला. "हायवेला एक हॉटेल हाय, त्याच्या मागनं भरली. ट्रक थांबत्यात बगा तिथं. एका दिवसात चौसष्ट रानं कोन फिरनार? नावं मात्र गावात जाऊन लिवून आनलीत, त्यात काय खोटं न्हाई."

त्याच्या चेहऱ्यावर लाज नव्हती. उलट, नावं तरी खरी आणली याचं थोडं समाधानच होतं.

प्रयोगशाळा सुमितची. तिशीतला माणूस, इस्त्रीचा शर्ट, बोलणं मऊ. रश्मीनं सगळं सांगितलं, आकड्यांचा कागद त्याच्यापुढं ठेवला. सामू सगळीकडं सात पूर्णांक आठच्या आसपास. नत्र सगळीकडं भरपूर, आणि ते कशामुळं हे सांगायची गरज नव्हती.

"सरासरी तर चांगली आलीय," सुमित म्हणाला.

"सर, प्रमाण विचलन जवळजवळ शून्य आहे, आकड्यांत फरकच नाही. चौसष्ट शेतांत असं होत नाही. कुणीही पाहिलं तरी कळेल."

"मग थोडं विचलन घाल."

तिला वाटलं, आपल्या ऐकण्यात चूक झाली. पण सुमित चहाचा कप खाली ठेवून समजावून सांगू लागला. "एकतीस तारखेला अपलोड बंद होतंय. परत नमुने आणायला वेळ नाही. तू स्टॅटिस्टिक्समध्ये हुशार होतीस ना? मग आकडे जरा हलव. कुठं वर, कुठं खाली. कार्ड कोण वाचतंय, रश्मी? फोटो काढतात आणि ठेवून देतात."

तिनं ते केलं. नाही म्हणायला हवं होतं, हे तिला तेव्हाही कळत होतं. संगणकाला सांगितलं, सामू सात पूर्णांक चार ते आठ पूर्णांक तीनच्या मध्ये टाक, बहुतेक सरासरीच्या जवळ. नत्र हेक्टरी पाचशे साठ किलोच्या खाली जाऊ देऊ नकोस. वीस मिनिटांत चौसष्ट रानं तयार झाली. आलेख काढला तर मध्ये उंच, दोन्ही बाजूंना उतरता, पुस्तकात असतो तसा. खऱ्या मातीचे आकडे इतके देखणे कधीच येत नाहीत. तिनं सही केली आणि मोरीत जाऊन साबणानं दोनदा हात धुतले. वास हातांना नव्हताच.

जूनमध्ये कार्डं वाटली गेली. ऑगस्टच्या शेवटी सुमितनं तिला इनामगावला पाठवलं, शेतकरी कार्ड वापरताहेत असे पाच-सहा फोटो आणायला. चावडीजवळ तिला सारजाबाई भेटल्या. साठीच्या बाई, बारीक अंगाच्या, दोन गाईंसाठी अर्धा एकर मका केलेली.

"तुमी मातीच्या म्याडम ना?" त्या म्हणाल्या. "मंग आमचं रान बगा. मका पिवळी पडलीया."

मका गुडघ्याच्या वर आली होती, पण खालची पानं टोकापासून मधल्या शिरेकडं पिवळी होत वाळत चालली होती. नत्राची कमतरता. पहिल्या वर्षाच्या पोरालाही ओळखू आली असती.

"मावशी, युरिया नाही दिला?"

"न्हाई. कार्डात लिवलंय, नत्र भरपूर. शेजारची सीमा वाचून दावती मला. ती म्हनली, घालू नका, जास्त व्हईल. म्हनून हात आखडला."

 रश्मीनं खुरपं आणि घमेलं मागितलं. बांध, लिंबाखालची जागा, शेणखताच्या ढिगाजवळचा तुकडा सोडून ती रानात नागमोडी चालत गेली. नऊ ठिकाणी वीतभर खोल, इंग्रजी व्हीसारखा खड्डा केला आणि प्रत्येकाच्या कडेची वरपासून खालपर्यंत पातळ चकती काढली. सगळी माती कापडावर मिसळली, चार भाग केले, समोरासमोरचे दोन टाकले, उरलेली पुन्हा मिसळली. अर्धा किलो राहीपर्यंत हेच. माती काळी, चिकट होती. तिला फक्त मातीचा वास होता.

सारजाबाई बांधावर बसून बघत होत्या. "मागं त्यो बाबा आला तवा रानात पाय बी ठेवला न्हाई त्यानं. रस्त्यावरनंच नाव लिवून घेतलं."

आता गप्प बसणं तिला जमेना. "मावशी, ते कार्ड तुमच्या रानाचं नाही."

"मंग कुनाच्या?"

"कुणाच्याच नाही. हायवेवरच्या एका हॉटेलामागं ड्रायव्हर लोक लघवीला उभे राहतात, तिथली माती आहे ती. सगळ्या गावाच्या नावावर तीच."

 सारजाबाई उठल्या, बांधालगतच्या घरात गेल्या आणि कार्ड दोन बोटांत धरून बाहेर आल्या. त्यांनी ते देव्हाऱ्यात ठेवलं होतं, जमिनीचा कागद म्हणून. ते त्यांनी उंबऱ्याबाहेर मातीत टाकलं.

"आन् याच्यावर सही कुनाची?"

"माझी."

"तुला ठावं हुतं?"

"हो."

इतका वेळ म्याडम म्हणणाऱ्या सारजाबाईंनी तिच्याकडं नीट पाहिलं. रागापेक्षा वाईट असं काहीतरी त्या नजरेत होतं. खाताना घासात काही निघावं तसं. "जा आता," त्या म्हणाल्या. "गाईंचं बगायचंय मला."

दुसऱ्या दिवशी रश्मीनं ती माती तपासली. नत्र एकशे अठरा. कार्डावर सहाशे चार होतं. तिनं सगळी हकीकत कागदावर लिहिली, आपण आकडे कसे बनवले तेही लिहिलं, आणि ज्या कार्यालयानं हे काम दिलं होतं तिथं नेऊन दिली. सुमित चिडला नाही. "सही तुझी आहे," एवढंच म्हणाला आणि टेबलाची किल्ली मागून घेऊन तिला कामावरून काढलं.

तीन आठवड्यांनी त्या कार्यालयातून प्रयोगशाळेत चौकशीला एक साहेब आले. रश्मीलाही बोलावलं होतं. त्यांनी पोतं उघडायला लावलं, डोळे मिटून त्यातल्या सहा पिशव्या उचलल्या. "रँडम," ते म्हणाले. त्या सहांची पुन्हा तपासणी झाली. सामू अहवालाच्या जवळपास होता, नत्रही साधारण जुळत होतं. जुळणारच होतं, माती तीच होती आणि आकडे थोडेच हलवलेले होते.

"साहेब, गावात जाऊन नमुने घ्या," रश्मी म्हणाली. "या पिशव्यांतून काढलेला नमुना या पिशव्यांबद्दलच सांगेल. रानाबद्दल काय सांगणार?"

"आमचा विषय प्रयोगशाळेचा आहे."

"मग निदान एक पिशवी हुंगून बघा."

साहेबांनी एका पिशवीचं तोंड उघडून नाकाजवळ नेलं. त्यांचा चेहरा आक्रसला. त्यांनी पिशवी बंद केली, रुमालानं बोटं पुसली आणि त्याच हातानं कागदावर लिहिलं, समाधानकारक. सुमितनं त्यांच्यासाठी थंड मागवलं. रश्मी जिना उतरून खाली आली. दुकानाच्या कडेला तिला उलटी झाली.

त्यानंतरचे रविवार ती इनामगावात घालवू लागली. सारजाबाईंना खरा निकाल वाचून दाखवला. त्यांनी तोवर युरिया दिला होता, मका अर्धीमुर्धी सावरली होती. त्यांनी ऐकून घेतलं, पण घरात या म्हणाल्या नाहीत. बाकीच्या त्रेसष्ट जणांच्या दारात जाऊन रश्मी एकच वाक्य सांगायची: तुमचं कार्ड खोटं आहे, ते मीच केलंय, रानात येऊ द्याल तर माती नीट घेते. एका वयस्कर शेतकऱ्यानं, भिमाजी आबांनी, तिला बांधावरच अडवलं. "एकदा फशिवलं, बास झालं. रान माझं मला कळतंय." पुष्कळांनी तर दारच लावून घेतलं.

दिवाळीपर्यंत सारजाबाई धरून अकरा जणांनी माती घेऊ दिली. तिच्या एका जुन्या मास्तरांनी कॉलेजच्या प्रयोगशाळेत ते नमुने तपासू दिले. अकरांची मिळून गावाची सरासरी काढावी असं त्यांनी सुचवलं. रश्मीनं नाही म्हटलं. हे अकरा चिठ्ठी टाकून निवडलेले नव्हते. तिला दारात उभं करण्याइतपत ज्यांचं मन मोठं होतं, तेवढेच होते. त्यांच्यावरून गावाबद्दल काही म्हणता येणार नव्हतं. तिनं अकरा वेगळे कागद केले, ज्याच्या त्याच्या नावाचे, आणि ज्याचे त्याला नेऊन दिले.